शिर्डीतील शिधापत्रिका : कार्ड हाती, धान्य यादीत

महाराष्ट्राच्या सार्वजनिक वितरण व्यवस्थेत, म्हणजे शासनाने धान्य खरेदी करून ते रास्तभाव दुकानांमार्फत ठरावीक कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेत, शिधापत्रिका मिळणे आणि शिधा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रिका तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून मिळते. धान्य मात्र त्या पत्रिकेवरील व्यक्तींची नावे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या लाभार्थी यादीत चढल्यावरच मिळू लागते, आणि या यादीत एकूण किती माणसे मावावीत याची कमाल संख्या वरून ठरवून दिलेली असते. “कार्ड आहे, पण धान्य चालू नाही” हे रेशन दुकानात आणि तहसीलच्या आवारात सतत ऐकू येणारे वाक्य या दोन गोष्टींमधील अंतरातून जन्मलेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील शिर्डीसारख्या गावात, जिथे वस्ती झपाट्याने वाढली, बाहेरून कामासाठी येणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि शहर व खेडे यांची सीमा रस्ता ओलांडताच बदलते, तिथे हे अंतर नीट समजून घेतल्याशिवाय शिधापत्रिकेची प्रतीक्षा नेमकी कशाची असते हे कळत नाही.

टंचाईतून आलेली पत्रिका

शिधावाटपाची सुरुवात गरिबी हटवण्यासाठी नव्हे, तर टंचाई निभावण्यासाठी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची आवक घटली आणि भाव भडकले, तेव्हा १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप लागू झाले आणि माणशी ठरलेले धान्य ठरलेल्या भावाने देण्याची पद्धत शहरवासीयांच्या अंगवळणी पडली. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत कधी आवळली, कधी सैल सोडली गेली. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ यांमुळे तिला कायद्याचा आधार आणि गोदामांचे जाळे मिळाले.

ग्रामीण महाराष्ट्राला या व्यवस्थेची खरी ओळख १९७२ च्या दुष्काळाने करून दिली. नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा त्या दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. बाजरी आणि ज्वारीवर जगणाऱ्या माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली आणि रेशनवर आलेल्या परदेशी तांबड्या मिलोची भाकरी थापली. त्या पिढीच्या बोलण्यात ‘मिलो’ हा शब्द अजून टिकून आहे, कारण सरकारी धान्य म्हणजे नाइलाजाचे धान्य, ही समजूत त्याच काळात पक्की झाली. शिधापत्रिका तेव्हा जवळपास प्रत्येक घरात असे आणि तिच्यावर गरीब-श्रीमंत असा शिक्का नसे.

हा भेद जून १९९७ मध्ये आला. केंद्र सरकारने त्या वर्षी लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था सुरू केली; तिचा अर्थ असा की सर्वांना धान्य देण्याऐवजी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे निवडून त्यांनाच अधिक स्वस्त धान्य द्यायचे. पाठोपाठ महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका योजना लागू केली. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असणाऱ्या आणि इतर अटींत बसणाऱ्या कुटुंबांना पिवळी, त्यापुढे १ लाख रुपयांपर्यंत केशरी आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांना, तसेच चारचाकी वाहन किंवा ४ हेक्टर वा अधिक बागायती जमीन असणाऱ्यांना पांढरी, अशी ती विभागणी होती. डिसेंबर २००० मध्ये अंत्योदय अन्न योजना सुरू झाली आणि गरिबांमधील अतिगरीब कुटुंबांसाठी, म्हणजे भूमिहीन मजूर, निराधार विधवा, दुर्धर आजारी, आधार नसलेले वृद्ध यांच्यासाठी, स्वतंत्र वर्ग तयार झाला.

कायदा, हक्क आणि इष्टांक

आजच्या व्यवस्थेचा पाया २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा हा आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या कायद्याने स्वस्त धान्य ही सरकारची मर्जी न राहता पात्र व्यक्तीचा कायदेशीर हक्क बनले. लाभार्थ्यांचे दोन गट झाले : अंत्योदय कुटुंबांना दरमहा कुटुंबामागे ३५ किलो आणि ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून निवडलेल्या घरांतील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असे मूळ दर होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्णपणे मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच राहील असे केंद्राने जाहीर केले. घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानावी, ही याच कायद्याच्या कलम १३ मधील तरतूद आहे, आणि म्हणून नव्या पत्रिकांवर पहिले नाव आई, सासू किंवा सून यांचे दिसते.

मात्र या हक्काला संख्येची मर्यादा आहे. देशातील ७५ टक्क्यांपर्यंत ग्रामीण आणि ५० टक्क्यांपर्यंत शहरी लोकसंख्येला लाभ द्यावा, असे कायदा सांगतो. राज्यनिहाय वाटा ठरवताना महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के इतके प्रमाण आले. २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येला ते लावून सुमारे ७ कोटी लाभार्थी अशी राज्याची कमाल संख्या निघाली. ही संख्या पुढे जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटून दिली जाते आणि प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला आलेल्या कमाल लाभार्थीसंख्येला पुरवठा खात्याच्या भाषेत ‘इष्टांक’ म्हणतात.

इष्टांक शिल्लक असेल, तर पात्र अर्जदाराचे नाव यादीत घेता येते. तो भरलेला असेल, तर यादीतील कोणाचा मृत्यू झाला, कोणी लग्न होऊन वा स्थलांतर करून बाहेर गेले, कोणी स्वेच्छेने लाभ सोडला किंवा तपासणीत कोणी अपात्र ठरले, तरच जागा मोकळी होते. म्हणजे अर्जदार निकषांत पूर्णपणे बसत असला, कागद बिनचूक असले आणि अधिकारी तत्पर असले, तरी दुसऱ्याच्या घरातील मृत्यूची वा लग्नाची नोंद होईपर्यंत त्याला थांबावे लागू शकते. कायद्याच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. पण हा भत्ता यादीत नाव असलेल्यालाच लागू असल्याने, यादीबाहेर ताटकळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शिर्डीची गणती

इष्टांकाचा हिशेब २०११ मध्ये थांबलेला आहे, शिर्डी मात्र थांबलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शिर्डी नगरपंचायतीची लोकसंख्या सुमारे ३६ हजार नोंदली गेली. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील शिर्डी विमानतळ सुरू झाले, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या साईनगर शिर्डी रेल्वे स्थानकाने दूरच्या राज्यांतील भाविक थेट गावात आणण्याचे काम आधीच सुरू केले होते. भाविकांच्या मागोमाग लॉज, खानावळी, हार-प्रसादाची दुकाने, वाहनतळ आणि बांधकामे आली आणि त्यांच्या मागोमाग ती चालवणारे हात आले. यांतील जे कायमचे वसले, त्यांची आणि २०११ नंतर जन्मलेल्या मुलांची भर इष्टांकाच्या गणितात कुठेच पडलेली नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि कायद्याचे कलम ९ आकडे प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचा आधार घ्यायला सांगत असल्याने, नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत जुनाच हिशेब चालू राहणार आहे.

दुसरी अडचण हद्दीची आहे. शिर्डी हे शहरी क्षेत्र आहे, तर लागूनच असलेली साकुरी, रुई, निमगाव कोऱ्हाळे, पिंपळवाडी ही गावे ग्रामपंचायतींची आहेत. प्राधान्य कुटुंबात येण्यासाठी महाराष्ट्राने ठरवलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. त्यामुळे एकाच लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या दोन स्त्रियांपैकी शिर्डीच्या हद्दीत खोली घेऊन राहणारी एका निकषाने मोजली जाते आणि साकुरीत राहणारी दुसऱ्या. शहरात उत्पन्नाची मर्यादा थोडी सैल असली तरी लोकसंख्येतील लाभार्थ्यांचे प्रमाण खूपच कमी आहे, आणि गावात प्रमाण भरपूर असले तरी उत्पन्नाची मर्यादा घट्ट आहे.

मर्यादेचे हे आकडे आजच्या मजुरीशी ताडून पाहिले की त्यांतील विसंगती लक्षात येते. ५९,००० रुपये म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सरकारनेच ठरवलेल्या या दराने घरातील एकट्या माणसाला वर्षात १४२ दिवस काम मिळाले, तरी ग्रामीण भागातील ४४,००० रुपयांची मर्यादा ओलांडली जाते. त्याहून कमी दिवस काम करून वर्षातील उरलेले दिवस तो घरी बसला असे गृहीत धरले, तरच कुटुंब पात्र ठरते. एवढ्या कमी मर्यादेमुळे उत्पन्नाचा दाखला हा खऱ्या मिळकतीचा आरसा राहत नाही. जो मर्यादेच्या आतला आकडा असलेला दाखला मिळवतो तो पात्र ठरतो, आणि खरा आकडा सांगणारा गरीब बाहेर राहण्याची शक्यता निर्माण होते.

केशरी पत्रिकेचा गोंधळ यातूनच होतो. ५९,००० किंवा ४४,००० पर्यंत उत्पन्न असलेले आणि त्याहून अधिक पण १ लाखाच्या आत असलेले, अशा दोन्ही कुटुंबांकडे दिसायला एकच केशरी पुस्तिका असते. पहिल्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असतो, दुसऱ्यावर नसतो. आणि धान्य त्या शिक्क्यामागच्या संगणकीय नोंदीवर मिळते. राज्यातील छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती या विभागांतील सर्व जिल्हे व वर्धा अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शिक्का नसलेल्या केशरी पत्रिकेवरील शेतकऱ्यांनाही २०१५ पासून स्वस्त धान्य आणि २०२३ पासून त्याऐवजी रोख रक्कम देण्यात आली; अहिल्यानगर या १४ जिल्ह्यांत नाही, आणि म्हणून गोदावरीच्या पलीकडच्या वैजापुरातील नातलगाला जे मिळते ते राहात्यातील शेतकऱ्याला मिळत नाही.

अर्जाची वाट

नवीन शिधापत्रिकेसाठीचा अर्ज आता राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवता येतो. ज्यांना ते जमत नाही ते महा ई-सेवा केंद्रातून किंवा सेतूतून भरतात. कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे, राहण्याचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, हमीपत्र आणि पूर्वी कुठल्या पत्रिकेत नाव असल्यास ते कमी केल्याचा दाखला, ही मुख्य कागदपत्रे. शिर्डीत निम्मी लढाई राहण्याच्या पुराव्यापाशी अडते, कारण खोली भाड्याची असते, वीजबिल मालकाच्या नावे असते आणि नोंदणीकृत भाडेकरार करून देण्यास मालक सहसा राजी नसतो. अर्ज पुढे गेल्यावर पुरवठा निरीक्षकाची पडताळणी, तहसीलदारांची मंजुरी आणि १२ अंकी क्रमांक, ज्याला सारे ‘आरसी नंबर’ म्हणतात, असा क्रम असतो. हा क्रमांक मिळाला की ई-शिधापत्रिका उतरवून घेता येते. यादीतील प्रवेश ही त्यापुढची, स्वतंत्र पायरी आहे.

या वाटेवर सर्वाधिक अडकते ती नव्याने लग्न होऊन आलेली सून. माहेरच्या पत्रिकेतून तिचे नाव कमी झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या पत्रिकेत ते वाढवता येत नाही. माहेरी नाव कमी करताच तिथली एक जागा मोकळी होते आणि ती त्या तालुक्याच्या इष्टांकात जमा होते. सासरच्या तालुक्यात मात्र तिला नव्याने जागा शोधावी लागते. येवल्याची मुलगी शिर्डीत नांदायला आली, की तिचा ५ किलोंचा हक्क तिच्यासोबत येत नाही. तीच गत नवजात मुलांची आणि तीच विभक्त होणाऱ्या भावांची : एका पत्रिकेच्या दोन पत्रिका होतात, ज्याला व्यवहारात ‘कार्ड फोडणे’ म्हणतात, पण नव्या पत्रिकेवरील नोंदी पूर्ण होईपर्यंत एखादे नाव दोन्हीकडून निसटते. अंत्योदयच्या बाबतीत आणखी एक विषमता आहे. ३५ किलो हा वाटा कुटुंबामागे असल्याने एकट्या वृद्धेला तो पुरेसा असतो, परंतु कुटुंब आठ जणांचे झाले की माणशी वाटा प्राधान्य कुटुंबाच्या ५ किलोंहूनही कमी पडतो, आणि अतिगरिबांसाठीची योजना त्यांना सामान्य गरिबांच्या मागे नेते.

दुकान, यंत्र आणि अंगठा

यादीत नाव आल्यानंतरचा व्यवहार तुलनेने सोपा आहे. अन्न महामंडळाच्या गोदामातून शासकीय गोदामात आणि तिथून द्वारपोच योजनेखाली, म्हणजे शासनाने नेमलेल्या वाहतूकदाराच्या गाडीतून, धान्य रास्तभाव दुकानात पोहोचते. दुकानदार हा खासगी परवानाधारक असतो, काही ठिकाणी बचत गट किंवा सहकारी संस्था असते, आणि मोफत धान्यावर त्याला मिळते ते क्विंटलमागचे कमिशन. राज्यात ते १५० रुपये होते आणि २०२५ मध्ये १७० रुपये करण्यात आले. ई-पॉस यंत्रावर आरसी नंबर टाकला की कुटुंबातील सदस्यांची नावे येतात, त्यांपैकी कोणीही अंगठा लावला की आधारशी पडताळणी होते आणि महिन्याचा कोटा, उचललेले धान्य व शिल्लक दाखवणारी पावती निघते. ही पावती मागून घेणे आणि तिच्यावरचे वजन पिशवीतल्या वजनाशी जुळवून पाहणे, हा ग्राहकाच्या हातातील सर्वात साधा पुरावा आहे. पावतीवर धान्याची किंमत शून्य असेल, तर दुकानात पैसे देण्याचे कारण नाही. पैसे लागतात ते साखरेसारख्या वेगळ्या वस्तूंना, आणि ती अंत्योदय कुटुंबांना महिना १ किलो, २० रुपये दराने मिळते.

अंगठा लागत नाही, ही यंत्राबद्दलची प्रमुख तक्रार आहे. भांडी घासणाऱ्या, वाळू-सिमेंट कालवणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात, वार्धक्यात त्या पुसट होतात. अशा वेळी दुसऱ्या सदस्याचा अंगठा, बुबुळाची पडताळणी किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा संकेतांक, हे पर्याय नियमांत आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना स्पष्ट कळवले होते की केवळ आधार नाही किंवा जोडलेले नाही एवढ्या कारणावरून पात्र व्यक्तीचे धान्य अडवू नये आणि नाव वगळू नये. अलीकडे प्रत्येक सदस्याची ई-केवायसी, म्हणजे यादीतील नाव आणि आधारवरील व्यक्ती एकच आहे याची खातरजमा, सक्तीची झाली असून ती दुकानातील यंत्रावर किंवा चेहरा ओळखणाऱ्या ‘मेरा ई-केवायसी’ या ॲपवर करता येते. तिच्यामुळे मृत आणि दुबार नावे गळतात व त्या जागा प्रतीक्षेतील लोकांना मिळू शकतात, हा तिचा लाभ. मात्र परगावी कामाला असलेला मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेली आजी याही गळतीत वाहून जाऊ शकतात, हा तिचा धोका.

पोटामागे आलेल्यांचा शिधा

राहाता तालुका हा सहकारी साखर कारखानदारीचा जुना प्रदेश आहे. प्रवरानगरचा कारखाना याच तालुक्यातला, आणि हंगामात ऊस तोडणाऱ्या टोळ्या बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीसारख्या तालुक्यांतून या भागात येतात. शिर्डीत त्यांच्या जोडीला लॉजमध्ये राबणारे उत्तर भारतीय तरुण असतात. या सगळ्यांची नावे गावाकडच्या यादीत आणि पोटे इथे, ही अडचण ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीने पुष्कळ अंशी सोडवली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगणा या जोड्यांपासून ती सुरू झाली, २०२१ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती लागू करण्याचा आदेश दिला आणि जून २०२२ मध्ये आसामसह सारा देश तिच्यात आला. यादीत नाव असलेला कामगार शिर्डीतील कोणत्याही रास्तभाव दुकानात आरसी नंबर किंवा आधार क्रमांक सांगून आपला वाटा उचलू शकतो, आणि गावी राहिलेले आई-वडील त्याच पत्रिकेवरचा उरलेला वाटा तिकडे घेऊ शकतात. त्यासाठी पत्रिका बदलावी लागत नाही, नव्याने अर्ज करावा लागत नाही. अनेक कामगार केवळ हे माहीत नसल्याने महागाचे धान्य विकत घेतात. ज्याचे नाव मुळात कुठल्याच यादीत नाही, त्याला मात्र ही सोयही काही देऊ शकत नाही.

शिर्डीत उपाशी कोणी राहत नाही, असे यावर म्हटले जाते, कारण श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात मोफत जेवण मिळते. अन्नदानाची ही परंपरा मोठी आहे. परंतु पंगत आजच्या जेवणाची सोय करते, तर शिधा घराच्या महिन्याच्या खर्चातून गहू-तांदळाचा बोजा काढून ते पैसे मुलांची वह्या-पुस्तके, औषधे आणि खोलीभाड्यासाठी मोकळे करतो. एक दात्याच्या श्रद्धेवर उभे आहे आणि दुसऱ्यामागे संसदेचा कायदा आहे, म्हणून एकामुळे दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही. शिधापत्रिकेला धान्यापलीकडचेही मोल आहे : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात पिवळ्या आणि केशरी पत्रिकाधारकांपासून झाली, त्यामुळे रुग्णालयात कार्ड लागते ही जाणीव घरोघरी रुजली आणि ज्यांना धान्य नको होते त्यांनीही पत्रिका जपून ठेवली.

दुसरीकडची रीत

प्रतीक्षा अटळ आहे का, या प्रश्नाचे उत्तर इतरत्र पाहिल्यास मिळते. अमेरिकेत १९३९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात अन्न-कूपनांचा पहिला प्रयोग झाला, १९६४ च्या कायद्याने ती योजना स्थायी झाली आणि पुढे कूपनांची जागा बँकेच्या कार्डासारख्या कार्डाने घेतली. त्यावर दरमहा रक्कम जमा होते आणि ती केवळ खाद्यपदार्थांवर खर्चता येते. तिथेही अर्ज, मुलाखत आणि कागदपत्रे आहेत, परंतु अर्जावर ३० दिवसांत आणि अगदी हलाखीच्या कुटुंबाच्या बाबतीत ७ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मुख्य म्हणजे निकषांत बसणाऱ्याला इष्टांक भरला म्हणून परत पाठवता येत नाही. भारतातही तमिळनाडूने सार्वत्रिक पद्धत सोडली नाही, तर छत्तीसगडने केंद्राच्या आधी, २०१२ मध्ये, स्वतःचा कायदा करून व्याप्ती रुंद ठेवली. तेव्हा संख्येची मर्यादा हा शासनाने पत्करलेला एक पर्याय आहे, अन्नधान्य वाटपाचा निसर्गनियम नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाचा कलही याच बाजूला राहिला आहे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या नोंदवहीत नाव असूनही शिधापत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी लोकांना पत्रिका द्याव्यात, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला, आणि मार्च २०२४ मध्ये तो पाळताना कायद्यातील कमाल संख्येची अडचण पुढे करू नये, असेही सांगितले.

प्रतीक्षा नोंदली गेली पाहिजे

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात केलेली दुरुस्ती या संदर्भात महत्त्वाची आहे. सहा महिने सलग धान्य न उचलल्यास पत्रिका तात्पुरती निष्क्रिय करावी आणि पुढील तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी व ई-केवायसी करून ती चालू ठेवायची की नाही हे ठरवावे, असे तिच्यात म्हटले आहे; म्हणून गावी धान्य न उचलणाऱ्या स्थलांतरित कामगाराने ते निदान शिर्डीत उचलत राहणे त्याच्या हिताचे आहे. त्याच दुरुस्तीने राज्यांना असेही बजावले आहे की नव्या अर्जदारांची प्रतीक्षायादी आधी येईल त्याला आधी या क्रमाने ठेवावी आणि संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. कार्यालयाच्या कपाटात असलेली प्रतीक्षा लोकांसमोर आली, की ओळखीने पुढे सरकणे अवघड होते आणि अर्जदाराला आपला क्रम कळतो.

तोवर अर्जदाराने करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. अर्जाची पोच घ्यावी. पत्रिका मिळाल्यावर तिच्यावरील प्रत्येक सदस्याचे नाव अन्न सुरक्षा यादीत आले की नाही, हे दुकानातील यंत्रावर किंवा संकेतस्थळावर स्वतंत्रपणे तपासावे. आले नसेल, तर कारण कागदपत्रांचे आहे, ई-केवायसीचे आहे की इष्टांकाचे, हे तहसील कार्यालयाला लेखी विचारावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली शिधापत्रिकेच्या सेवांना मुदत आहे. ती न पाळल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील आणि आयोग असे टप्पे आहेत आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. धान्य कमी मिळणे, पावती न मिळणे अशा तक्रारींसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे निःशुल्क क्रमांक आहेत, त्यावर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. ज्यांची परिस्थिती सुधारली आहे, त्यांनी लाभ सोडण्याचा अर्ज भरल्यास त्यांच्या जागी रांगेतील कोणीतरी यादीत येतो.

परंतु नागरिकांच्या दक्षतेने इष्टांक वाढत नाही. २०११ ची लोकसंख्या आणि २०१३ ची उत्पन्नमर्यादा धरून आजची गरिबी मोजता येणार नाही, हे मान्य करून राज्याने उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराशी जोडणे, केंद्राने नव्या जनगणनेची वाट न पाहता अंदाजित लोकसंख्येवर वाटा वाढवणे आणि राहात्याच्या तहसील कार्यालयाने शिर्डीसह प्रत्येक गावाची प्रतीक्षायादी क्रमांकासह दर महिन्याला प्रसिद्ध करणे, या तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिल्या दोन मुंबई आणि दिल्लीतील निर्णयांवर अवलंबून आहेत. तिसरी येत्या महिन्यापासूनही सुरू करता येईल, आणि ती मागण्याचा अधिकार शिर्डीतील प्रत्येक अर्जदाराला आहे.